फळीवर उभं राहून

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, कामं. पण दोन महिन्यांपूर्वी त्या कामातच असं काही घडलं की अण्णांच्या गिरणीतली एक फळी आठवली, आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं.

विषय रुक्ष आहे हे आधीच सांगतो. विजेची यंत्रं, त्यांची तपासणी, सरकारी मान्यता वगैरे. घरच्या मंडळींना कंटाळा आला तर गिरणीचं तेवढं वाचावं आणि मधलं सोडून एकदम शेवटाकडे यावं. राग नाही.

तर आमची पिठाची गिरणी. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, गिरणीत तीन फेजची मोटर, आणि भिंतीवर स्टार्टरचा लोखंडी डबा. त्या डब्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. अर्थिंगची तार कधी तुटली, की मुळात जोडलेलीच नव्हती, देव जाणे. यावर आमच्याकडे उपाय काय, तर डब्याखाली टाकलेली एक लाकडी फळी. गिरणीत नवीन पोऱ्या आला की पहिल्या दिवशी त्याला एवढंच सांगायचं, "फळीवर उभं राहूनच हिरवं बटण दाबायचं, काय?" झालं त्याचं प्रशिक्षण! मी स्वतःही शाळेतून आल्यावर त्या फळीवर उभा राहून गिरणी चालू केलेली आहे, आणि त्याचा मला अभिमानही वाटायचा.

एका श्रावणात जमीन ओली होती, फळीही ओली. पोऱ्याने बटण दाबलं आणि तो मागे फेकला गेला. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुढे कधी नीट सरळ झाली नाहीत. अण्णांनी दवाखान्याचा खर्च केला, त्याला कामावरही ठेवलं, आणि दुसऱ्याच दिवशी नवा स्टार्टर बसवला, अर्थिंगसकट. गाव म्हणालं, "नशीब बलवत्तर पोराचं." तो जुना स्टार्टर कुणी बनवला, कुणी तपासला, त्याच्यावर कसला शिक्का होता, हे कुणी म्हणजे कुणीही विचारलं नाही. मीही नाही. मी तेव्हा सातवीत होतो, पण पुढे इंजिनियर झाल्यावरही कधी विचारलं नाही, हे जास्त खरं.

आता एकदम ओहायो. मी इथे एका कारखान्यात काम करतो. नवीन यंत्र आलं की ते बसवून, तपासून, "चालवायला हरकत नाही" अशी सही करणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. दोन महिन्यांपूर्वी युरोपातून एक पॅकिंगचं यंत्र आलं. बाटल्यांच्या गठ्ठ्याभोवती प्लॅस्टिक गुंडाळून ते तापवून आवळणारं. दिसायला देखणं, रंग चकचकीत, पाटीवर ऐटीत सीईचं चिन्ह. मोसमाची ऑर्डर तोंडावर होती आणि मॅनेजर रोज दोनदा विचारत होता.

आमच्या फॉर्मवर एक ओळ असते: यंत्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने प्रमाणित केलं आहे का? मी यंत्राभोवती दोन चकरा मारल्या, पॅनेल उघडून आत पाहिलं. सीई होतं, बाकी काही नव्हतं.

मॅनेजर म्हणाला, युरोपात चालतं ते इथे का चालणार नाही? प्रश्न चुकीचा नव्हता. मग त्याने एक पळवाटही सुचवली. खास आपल्यासाठी बनवलेलं यंत्र असेल तर नियमात सवलत आहे ना, मग तसं लिहू या. सवलत आहे हे खरं. एखाद्या ग्राहकासाठी मुद्दाम घडवलेलं उपकरण असेल, तर उत्पादकाच्या चाचण्यांच्या आधारावर ते स्वीकारता येतं. ती कागदपत्रं मालकाने जपून ठेवायची आणि मागितली की दाखवायची. पण हे यंत्र कॅटलॉगमधलं होतं. आमच्यासाठी खास म्हणाल तर फक्त रंग.

आणि खरं सांगतो मंडळी, मी सही करायच्या बेतात होतो. वाईट हेतूने नाही. शुक्रवारची दुपार होती, सगळे थांबले होते, आणि "एवढं युरोपातलं यंत्र, त्याला काय होतंय" असं मलाही वाटत होतं. मग डोळ्यांसमोर आली ती फळी.

सोमवारी सांगतो म्हणालो आणि शनिवार-रविवार नियम पुन्हा वाचून काढले. नोकरीच्या सुरुवातीला वाचले होते, पण ते परीक्षेला वाचतात तसे. या वेळी गोष्ट वाचावी तसे वाचले, आणि गोष्ट रंजक निघाली.

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा १९७० साली झाला आणि १९७१ मध्ये त्यासाठीचं खातं सुरू झालं. त्याला सगळे ओशा म्हणतात. कामाच्या ठिकाणची बहुतेक विद्युत उपकरणं प्रमाणित असली पाहिजेत असा ओशाचा नियम आहे. पण ओशा स्वतः एकही उपकरण तपासत नाही! तपासतात त्या खाजगी प्रयोगशाळा. ओशा तपासते त्या प्रयोगशाळांना. तपासणाऱ्यांना तपासणारा, असा हा मामला.

या प्रयोगशाळांचं मूळ आणखी मागचं आहे. १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, विजेच्या दिव्यांनी झगमगलेलं. इतक्या तारा, इतके दिवे, आग लागली तर? विमा कंपन्यांना घोर लागला. विल्यम मेरिल नावाचा तरुण विद्युत निरीक्षक तिथली पाहणी करायला आला होता. त्याने १८९४ मध्ये शिकागोतच विमेवाल्यांच्या पैशाने लहानशी प्रयोगशाळा थाटली. तीच पुढे यूएल झाली. म्हणजे या सगळ्याची सुरुवात माणुसकीतून झाली नाही, विम्याच्या हिशोबातून झाली. पण तपासणाऱ्याचा स्वार्थ वस्तू विकण्यात नव्हता, तर आग न लागण्यात होता. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

ओशाच्या सुरुवातीच्या नियमांत प्रयोगशाळांची उदाहरणं म्हणून दोनच नावं होती, यूएल आणि फॅक्टरी म्युच्युअल. कागदावर ती केवळ उदाहरणं, व्यवहारात मात्र मक्तेदारी. बाल्टिमोरच्या मेट नावाच्या प्रयोगशाळेने याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. शेवटी १९८८ मध्ये नवा नियम आला: नाव कुणाचंही असो, अटी पूर्ण करा आणि मान्यता घ्या. आधीच्या दोघींना पाच वर्षांची तात्पुरती मान्यता मिळाली, आणि नव्या पद्धतीने पहिली मान्यता १९८९ मध्ये मिळाली ती मेटलाच. आज अशा वीसच्या आसपास प्रयोगशाळा आहेत.

अटी चार आहेत. एक, चाचण्या करायची खरी क्षमता हवी, म्हणजे माणसं, उपकरणं, पद्धत. दोन, शिक्का दिल्यावरही लक्ष ठेवायचं. कारखान्यात जाऊन बघायचं की नमुना म्हणून दिलेलं यंत्र आणि रोज बाहेर पडणारं यंत्र एकच आहे ना. तीन, उपकरण बनवणाऱ्यापासून, विकणाऱ्यापासून आणि वापरणाऱ्या मालकापासूनही पूर्ण स्वतंत्र असायचं. चार, अहवाल निःपक्ष हवेत आणि तक्रारी ऐकायची न्याय्य सोय हवी. मान्यता सरसकट मिळत नाही. कोणत्या मानकांसाठी आणि कोणत्या जागी, हे ठरवून मिळते. मुदत पाच वर्षं, मग नूतनीकरण. अर्ज आला की ओशा तो सरकारी राजपत्रात जाहीर करते, लोकांकडून हरकती मागवते, आणि मगच निर्णय.

आता मॅनेजरच्या प्रश्नाकडे येऊ. युरोपात चालतं ते इथे का नाही? तर युरोपात अशा बहुतेक उपकरणांसाठी उत्पादकच घोषणा करतो, की माझं यंत्र सगळ्या नियमांत बसतं. सीईचं चिन्हही तोच लावतो. अमेरिकेनेही हेच मानावं असा युरोपीय आयोगाचा आग्रह होता. ओशाने २००८ मध्ये यावर लोकांकडून माहिती मागवली आणि डिसेंबर २०१० मध्ये नकार दिला.

मला हा नकार योग्य वाटतो. अमेरिकनांचं डोकं जास्त चालतं म्हणून नव्हे. युरोपातले उत्पादक काही लबाड नाहीत. पण तिथे घोषणेच्या मागे बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणा आहेत. वाईट माल त्या बाजारातून काढायला लावू शकतात. ओशाचा अधिकार चालतो तो मालकांवर, म्हणजे ज्यांच्याकडे माणसं कामाला आहेत त्यांच्यावर. इटलीतल्या किंवा चीनमधल्या उत्पादकाला ती काय करणार? तेव्हा नुसती घोषणा मान्य केली असती, तर अपघात होईपर्यंत मधे कुणीच नसतं. दुसऱ्याच्या पद्धतीचा अर्धाच भाग उचलला की असं होतं. नुसता स्टार्टर आणला आणि अर्थिंग विसरलं तसं.

पण माझं खरं कारण याहून साधं आहे. घरी आपण इस्त्री विकत घेतो तेव्हा निवड आपली असते. स्वस्तातली घेतली तर धोकाही आपणच पत्करलेला असतो. कामावरचं यंत्र मात्र ते वापरणारा माणूस निवडत नाही. निवडतो मालक, सही करतो माझ्यासारखा कुणीतरी, आणि हात लागतो तिसऱ्याचाच. पोऱ्याने तो स्टार्टर कुठे निवडला होता? त्याला फक्त फळी दाखवली होती. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या वतीने नाही म्हणायला कुणीतरी परका, ज्याला यंत्र विकायची घाई नाही आणि चालवायचीही घाई नाही, असा हवा. मान्यता, राजपत्र, पाच वर्षांची मुदत हे सगळं त्या परक्याला खरोखर परका ठेवण्यासाठी आहे.

यावर आमच्या आतेभावाचं म्हणणं ठरलेलं असतं. दादाचं भोसरीला वर्कशॉप आहे. फोनवर म्हणाला, "अरे, सगळी सर्टिफिकेटं विकत मिळतात. आणि प्रयोगशाळेला पैसे देतो कोण? यंत्र बनवणाराच ना?"

दादा, तुमचा हा मुद्दा मला मान्य आहे. पैसे उत्पादकच देतो. शिवाय यूएलची चाचण्या करणारी शाखा २०१२ पासून नफ्यासाठी चालते, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. मक्तेदारी मोडली हे चांगलंच झालं, पण वीस दुकानं झाली की गिऱ्हाईक विचारणारच, लवकर कोण देतं आणि स्वस्तात कोण देतं? तपासणाऱ्याने गिऱ्हाईक टिकवायच्या काळजीत पडावं ही काही सुखाची गोष्ट नाही. लहान उत्पादकाला हा खर्च जड जातो, हेही खरं.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? तपासणीच नको, की तपासणाऱ्यांवर जास्त कडक नजर हवी? माझं मत दुसऱ्या बाजूला. मान्यता देणं हे सरकारचं सोपं काम आहे. मान्यता दिल्यावर दरवर्षी जाऊन दप्तर उघडायला लावणं आणि वेळ आली तर मान्यता काढून घेणं हे अवघड काम. अर्जाची आणि या तपासण्यांची फी ओशा प्रयोगशाळांकडूनच घेते, ते ठीक आहे. पण सरकारं खर्च कापायला बसतात तेव्हा अशा न दिसणाऱ्या खात्यांवर पहिली कात्री चालते, आणि त्याचा पत्ता कुणाला लागत नाही. न झालेल्या अपघाताची बातमी कुठे छापून येते?

आणखी एक तक्रार. प्रत्येक प्रयोगशाळेचं चिन्ह वेगळं. कुठे वर्तुळ, कुठे अक्षरं. मान्य प्रयोगशाळांची यादी आणि त्यांची चिन्हं ओशाच्या संकेतस्थळावर आहेत, पण यंत्रापाशी उभा असलेला माणूस ती कधी बघणार? आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी पार्किंग कुठे करायचं ते सांगतात, पण यंत्रावर कोणतं चिन्ह शोधायचं ते सांगत नाहीत. त्यात आणि आमच्या फळीत फरक फार नाही.

आपल्याकडेही कायदे नाहीत असं नाही. इस्त्री, गीझर, स्विच, वायर अशा घरगुती वस्तूंना आयएसआय चिन्हाची सक्ती करणारा आदेश २००३ सालचा आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी २०१२ च्या आदेशाने नोंदणीची पद्धत आणली. त्यात भारतीय मानक ब्युरोने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतून चाचणी करून घ्यावी लागते. आयएसआय चिन्हासोबत परवान्याचा क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकून खरा की खोटा ते बघता येतं. दादा, हे मात्र आज करून बघा. वर्कशॉपमधल्या वायरच्या भेंडोळ्यापासून सुरुवात करा.

असो. सोमवारी मी मॅनेजरला म्हणालो, सही होणार नाही. तो चिडला. चिडणारच, वरून त्यालाही कुणीतरी विचारत होतं. दोन दिवस आमच्यात हवापाण्यापुरतंच बोलणं होतं. मग एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बोलावला. असा माणूस जागेवर येऊन तेवढं एक यंत्र तपासतो आणि पास झालं तर त्याच्यावर लेबल लावतो. काही हजार डॉलर गेले, आणि तीन आठवडे.

तो आला. पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा. त्याने दार उघडलं, तारांच्या जाड्या पाहिल्या, पॅनेलवर शॉर्टसर्किटचा किती मोठा प्रवाह झेपेल त्याचा आकडा शोधला (नव्हता), आणि मग अर्थिंगची चाचणी लावली. यंत्राच्या सांगाड्यापासून अर्थच्या खिळीपर्यंत विरोध अगदी नगण्य हवा. अशा चाचण्यांत बहुतेक ठिकाणी मर्यादा ०.१ ओहमची असते. मुख्य सांगाडा पास झाला. तापवणाऱ्या भट्टीचं बाजूचं दार मात्र नापास. बिजागरीपाशी अर्थची तार होती, पण तिचा बोल्ट सरळ रंगावर आवळलेला. तोच तो चकचकीत रंग! खाली धातूशी संबंधच नाही. त्या दारातून हीटरच्या तारा जात होत्या. त्यातली एखादी घासून उघडी पडली असती, तर दारात वीज आणि दाराला हात.

किती वीज लागते माणसाला? एक मिलिअँपिअरला झिणझिण्या कळतात, दहाच्या पुढे हात सोडवणं अवघड होत जातं, शंभरच्या आसपास हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. घरातला साधा बल्बसुद्धा याहून जास्त घेतो.

त्याने खिशातून पान्हा काढून बोल्ट सैल केला आणि रंग दाखवला. एक शब्द बोलला नाही. मॅनेजरही बोलला नाही. दुरुस्तीला पाऊण तास लागला, आकड्याची पाटी यायला आठ दिवस. मग लेबल लागलं आणि मी सही केली. ऑर्डर थोडी उशिरा गेली, जग बुडालं नाही.

हे नाट्यमय वाटेल, पण मला सांगायचं आहे ते उलट. बनवणारा चांगला होता, रंगवणाऱ्यानेही काम चोखच केलं होतं, मॅनेजर वाईट नव्हता आणि मी मूर्ख नव्हतो. तरी ते दार चौघांच्या नजरेतून सुटलं. कारण आम्हा सगळ्यांनाच ते यंत्र चालू व्हायला हवं होतं. ज्याला तसं वाटत नव्हतं त्याला ते दिसलं.

त्या रविवारी अण्णांना फोन केला. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, गिरणी केव्हाच बंद झाली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "अण्णा, तो जुना स्टार्टर आधीच का नाही हो बदलला?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, फोन कट झाला.

मग म्हणाले, "फळी होती ना रे. फळीवर भागत होतं."

तो पोऱ्या आता पन्नाशीचा आहे, गावातच किराणा दुकान चालवतो. अण्णा दर महिन्याचं सामान त्याच्याकडूनच आणतात, जवळचं दुकान सोडून तिकडे जातात. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.